आक्कांसाठी शिवलेले निजण्याचे कुडते

मुद्दई, म्हणजे फिर्यादी: मी स्वतः, पेशाने अर्जनवीस, बैठक केजच्या तहसील कचेरीबाहेरील लिंबाखाली. जिला इजा पोहोचली ती: माझी थोरली विधवा बहीण, जिला सारे घर आक्का म्हणते. प्रसंगाचा दिवस: गेल्या वैशाखातील बाजाराचा. गवाह: माझे कुटुंब म्हणजे पत्नी, शेजारच्या मुसलमान शिंप्याची बीबी आणि कापडाचा दुकानदार. नावे मुद्दाम गाळली आहेत, कारण मजकूर घरातील बायकांच्या निजण्याच्या कपड्यांचा आहे.

आईमागे मला आक्कांनी वाढविले. लुगड्याची गाठ जेथे बसते तेथे, कमरेभोवती, यंदा त्यांना फोड उठले आणि चिघळले. नऊवारी लुगडे आवळल्याखेरीज अंगावर ठरत नाही, आणि आमच्याकडे बायका ज्या लुगड्यात दिवसभर राबतात त्यातच निजतात. हकीमसाहेबांनी साफ बजावले की, निजताना कमरेला काहीही आवळू नये. जखम आत उतरली तर इलाज उरणार नाही.

ज्याचा मजकूर तहसीलदारसाहेब स्वतः वाचतात, त्याला एक कपडा निवडणे जड जाऊ नये, असे मला वाटले. शेजारची बीबी निजताना पायघोळ कुडते घालते, हे कुटुंबाकडून कळले होते. विचारताच ती पडद्याआडून म्हणाली, "नरम कपडा लाके देव भाई. ऐसा ढीला सीतूं, बदन कू लगिंगाच नई."

रंग जखमेत उतरू नये म्हणून मी पांढरे सुती कापड पसंत केले. बोट दाखविले आणि भाव न विचारता दाम ठेवले. कचेरीशी संबंध असलेल्या माणसाने बाजारात घासाघीस करणे मी कमीपणाचे मानतो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले, हात जोडले आणि कापड फाडून दिले. माझ्या पेशाचा मान समजून मी तो नमस्कार स्वीकारला. आमच्या भागात प्रेतावर घालायचे कापडच तेवढे भाव न करता घेतात, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी ध्यानात आले नाही.

कापड बीबीच्या हवाली करून घरी आलो, तो दुकानातली बातमी माझ्याआधी पोचलेली: ओसरीवर गल्लीतील बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि दारात दोघे तिरडीचे बांबू घेऊन उभे होते.

आतून आक्कांचा आवाज आला, "कोन मेलं गं? कावून रडता?"

एकजण किंचाळली. दुसरी म्हणाली, "आगं बया, आक्का तर जित्या हायती! मग कापड कुनाला नेलं?"

"मलाच की," आक्का म्हणाल्या. "भाऊ लई हुशार हाय माजा. आदीच आनून ठिवतोय."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. बांबू परत गेले.

दुसऱ्या दिवशी कुडते आले. बीबीने सुरेख शिवले होते: गळा मोकळा, बाह्या रुंद, कमरेला बंद नाही. आक्कांनी त्याला हात लावला नाही. "न्हाई घालनार. ह्यात निजले तर उठंन असं वाटंना मला."

"वन्सं, आदी मी घालून दावते," माझे कुटुंब म्हणाले.

"खबरदार! कपाळाला कुंकू हाय तुज्या!"

एवढे ओरडल्याने जखम दुखावली, आणि आक्का भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

आता आषाढ लागला. बीबीने फुलाफुलांचे छीट आणून दाखविले. पण कोणतेही शिवलेले सैल वस्त्र आक्कांना आता प्रेतावरचे कापडच दिसते. त्या अजून लुगडे आवळूनच निजतात आणि कुशीवर वळताना ओठ चावतात. परवा हकीमसाहेबांनी जखम पाहिली, हात धुतले आणि औषधाची पुडी न ठेवताच निघून गेले.

सबब, वाचणाऱ्यांस अदबीने अर्ज की, ज्या घरी एखादी वडीलधारी विधवा बाई मोकळ्या कपड्यात बिनघोर निजत असेल, त्या घराने तिला कोणी आणि काय सांगून राजी केले, ते कळवावे. लोकांसाठी शब्द जुळविणे हे माझे रोजचे काम आहे. आक्कांसाठी मात्र मला ते जुळलेले नाहीत. जवाब होईल तितका लौकर मिळावा.