दोन टेबलांवरची चिप

वान्दो बेटावर आईबरोबर समुद्री शेवाळ वाळत घालणारी मा ग्योंग-सुक एकोणिसाव्या वर्षी सोलच्या दक्षिणेला, एका छोट्या मेमरी-चिपच्या कंपनीत कामाला आली आणि इथलीच झाली. धूळ वर्ज्य असलेल्या खोलीत पावडर चालत नाही, अत्तर चालत नाही. पुढे घरीही लावावंसं वाटेना. एकदा लग्न ठरलं होतं. "रात्रपाळ्यांत मोडलं," असं ती हसत सांगे.

एकतीस वर्षांनी ती तपासणी विभागाची प्रमुख होती. तिच्या सहीशिवाय चिप दाराबाहेर पडत नसे.

बान तै-ग्यू पहिल्या दिवशी तिच्याच हाताखाली आला होता, आणि आल्या आल्या त्याने चिपचा अख्खा ट्रे पालथा घातला होता. आता तो नवी चिप घडवणाऱ्या टीमचा प्रमुख होता. नऊ वर्षं त्याने एकाच कल्पनेवर घातली होती. सोयाबीनच्या रश्शात भात कालवत तो ती कोणालाही ऐकवायचा.

"ताई, आपले संगणक कसे चालतात? किमचीचे रांजण अंगणात आणि सुरी तिसऱ्या मजल्यावर! कोबीच्या प्रत्येक गड्ड्यासाठी जिना चढा, कापा, उतरा. कापण्यापेक्षा चढउतारीतच जीव जातो. मी सुरीच रांजणापाशी आणून ठेवतोय. माहिती जिथे साठते, तिथेच आकडेमोड."

"बायकोलाही असंच समजावतोस का रे?"

"तिला पाठ आहे. मी 'किमची' म्हटलं की ती दिवाणखान्यात जाते."

बानची चिप बघायला गिऱ्हाईक शुक्रवारी येणार होतं. बुधवारी सकाळी तिचं तपासणीचं पत्रक ग्योंग-सुकच्या पुढ्यात आलं. सगळे रकाने 'पास'. तिने पेन उचललं आणि तिथेच थांबली.

साठवण तिच्या टेबलावर तपासली होती, तेव्हा आकडेमोड बंद होती. आकडेमोड बानच्या पोरांनी त्यांच्या टेबलावर तपासली होती, ताजी माहिती भरून, उत्तर आलं की पुढची. काम करता करता चिप तापते आणि तापलेली मेमरी लवकर विसरते, हे इथे झाडूवालीलाही ठाऊक. पण चिप काम करत असताना तिला आधीचं आठवतंय का, हे कोणीच पाहिलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता. आजवर मेमरीने फक्त लक्षात ठेवायचं असायचं. आणि पत्रक तिनेच आखलेलं होतं.

तिने चिप लावली. माहिती भरली, शेजारी आकडेमोड सुरू केली, तासभर चालू दिली. मग भरलेलं परत वाचलं.

बान धावत आला. "किती चुका?"

"पुष्कळ."

"शुक्रवारी मोठा पंखा लावू. थंड राहील."

"आणि सोमवारी? गिऱ्हाइकाकडे गेल्यावर?"

"ताई, दुरुस्तीला सहा महिने लागतील. आपले संचालक नामसाहेब सहा दिवस देणार नाहीत. ते कधीपासून माझी टीम मोडायला टपलेत."

"माहितीय."

"तुमच्याच पत्रकावर पास आहे ना? पत्रकाने विचारलंच नाही, तर सांगायचं कशाला?"

"तेच चुकलं माझं. विचारायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी, पत्रक आखलं तेव्हाच."

"म्हणजे चूक तुमची आणि मरायचं मी?"

बानचे हात टेबलाच्या कडेवर होते. नखं कुरतडलेली होती. नवा असतानाही तो अशीच कुरतडायचा.

"तुझ्या चिपने हॉस्पिटलात चुकीचं उत्तर दिलं तर?" ती हळूच म्हणाली. "तुला झोप लागेल?"

"आत्ताही कुठे लागते, ताई?"

तिने 'नापास' लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली: 'तपासणीची पद्धत अपुरी होती. जबाबदारी माझी.' मग सही केली.

संचालक नामसाहेबांनी तिचीच पाठ थोपटली. "वेळेत पकडलंत!" त्या खालच्या ओळीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. पंधरा दिवसांत टीम मोडली. बानला बुसानच्या विक्री कार्यालयात पाठवलं. जाताना तो सगळ्यांना वाकून नमस्कार करत आला. तिच्या टेबलाशी आला तेव्हा ती गोदामात होती. मुद्दामच.

पत्रकात आता नवा रकाना आहे: 'काम करताना स्मरण'. तिनेच आखला, सरळ, पट्टी धरून. येणाऱ्या सगळ्या चिप साध्या, फक्त साठवणाऱ्या. रोज प्रत्येक पत्रकावर त्या रकान्यात ती लिहिते: 'लागू नाही'.