पाय उगवला तर सांगा

हवालदार सत्यजित मोहिते नुसते खाकरले तरी पलटणीतले रिक्रूट सावधान व्हायचे. आता सौदीतल्या अल-खोबर शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांचा हुकूम ऐकायला एक कुकर तेवढा होता, आणि तोही मनाला येईल तेव्हा शिट्टी मारायचा. सीमेवर सुरुंगात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. लष्कराने अपात्र ठरवून घरी पाठवलं आणि अपंगत्वाची पेन्शन लावली. बायको पद्मिनी इथल्या इस्पितळात नर्स. तिच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, ते आणि लेक निधी इकडे आले. सकाळी देवापुढे दिवा लावायचा, भाजी चिरायची आणि निधीच्या शाळेच्या बसची वाट बघायची. चांगल्या माणसाला रिकामा वेळ कसा खातो, ते पद्मिनी बघत होती.

डिसेंबरात निधीच्या शाळेतले पीटीचे सर गावी गेले ते परत आलेच नाहीत. सव्वीस जानेवारीचं संचलन अडलं. निधी घरी येऊन म्हणाली, "बाबा, आय टोल्ड मॅडम, माझे बाबा सोल्जर्सना चालायला शिकवायचे."

"सोल्जरला चालता येतं गं. मी नीट चालायला शिकवायचो," सत्यजित म्हणाले, पण बूट लगेच पॉलिशला काढले.

पहिल्या दिवशी मैदानावरची पोरं बाजारातून घरी निघाल्यासारखी चालत होती. सत्यजितांनी छाती भरून आवाज दिला, "सावधान!" कठड्यावरची कबुतरंसुद्धा उडाली. त्यांनी नकली पाय आपटून दाखवला, तेव्हा रय्यान नावाच्या एका बारक्याने विचारलं, "अंकल, ये पैर रोबोट का है?"

"हाँ. इसीलिए थकता नहीं. तेरा तो असली है, चल, एड़ी मार!"

दोन आठवड्यांत रांग सुतासारखी सरळ झाली. घरी सत्यजित भाकरी थापतानाही "एक-दो, एक-दो" म्हणू लागले. मग मुख्याध्यापिका सुरुची मॅडमनी विचारलं, "सर, कायमचेच या ना. कामाच्या परवान्याचं शाळा बघेल. पगार मात्र बेताचा आहे."

तिथे त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, की काम जमत नाही म्हणून सरकार पेन्शन देतं, आणि कमाई केली की ती बंद. ती पेन्शन गावी आईच्या हातात जायची. तिचं औषध, तिची शेळी, देवळातलं दिव्याचं तेल, सगळं त्यातून. म्हातारी कुणापुढे, अगदी सुनेपुढेही, हात पसरत नव्हती. तो तोरा आपल्या हौसेपायी मोडायचा?

"मी फुकट शिकवीन," ते मॅडमना म्हणाले. "पण कुणाकडून काही घेणार नाही. चहासुद्धा नाही."

आणि माणूस शब्दाचा इतका पक्का, की मासळीसुद्धा परत केली. खाली शौकतभाईंचं किराण्याचं दुकान. मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांची नात अफशाँ रांगेत सगळ्यांत पुढे होती. त्या खुशीत त्यांनी वर सुरमई पाठवली. सत्यजित पिशवी घेऊन उलट पावली खाली.

"शौकतभाई, राग नका मानू. आज आमचा गुरुवार."

शौकतभाईंच्या डोक्यावर अजून टोपी होती. "हवालदार, मी आत्ता जुम्म्याची नमाज पढून आलो. तुमचा गुरुवार आज कुठून उगवला? मी वार बघूनच पाठवतो हो!"

सत्यजितांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी खरं ते बोलले. "मासळी म्हणजे मोबदलाच की. पेन्शन बंद होईल."

शौकतभाईंनी पिशवी हळूच फ्रीजमध्ये ठेवली. "दिल्लीचा सरकार माझ्या सुरमईचे काटे मोजायला येणार? वहिनीला सांगा जरा हे."

सांगायची गरज पडली नाही. हे निम्म्या इमारतीने ऐकलं होतं. पद्मिनीने डोळ्यांतून पाणी येईतो हसून घेतलं, आणि मग न हसता सासूबाईंना फोन लावला.

म्हातारीने दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. शेजारच्या जीपमध्ये बसून ती स्वतः साताऱ्याला सैनिकांच्या कार्यालयात गेली. संध्याकाळी व्हिडिओवर तिचं नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं.

"सत्या, साहेबाला विचारून आले. म्हटलं, माझा लेक तिकडं पोरं शिकवून चार पैसे घेईल, तर चालेल का? तो म्हणाला, आजी, ही पेन्शन गेलेल्या पायाची आहे, घरी बसण्याची नाही. पाय उगवला तर तेवढं सांगायला या."

"असं म्हणाला?"

"वर चहा पाजला. मी प्याले. मी काय तुझ्यासारखी खुळी आहे?" कपाळ जरा मागे गेलं आणि डोळे दिसले. "कामाला जा रे. घरी बसून तू म्हातारा दिसायला लागलास, मला मेलीला कळत नाही का?"

सत्यजितांनी देवापुढच्या निरांजनात तेल घातलं, वात सारखी केली, हात जोडले. मग सुरुची मॅडमना फोन करून "येतो" म्हणाले आणि तसेच खाली धावले. धावले म्हणजे अगदी धावलेच.

"शौकतभाई! द्या ती सुरमई!"

"ती कधीच खाल्ली आम्ही. बांगडे आहेत, पण देत नाही."

"का? रागावलात?"

"हवालदार," शौकतभाई गल्ल्यामागून म्हणाले, "आज खरंच गुरुवार आहे."

दुकानात सौदा घ्यायला आलेली माणसंही हसली. बांगडे शुक्रवारपर्यंत शौकतभाईंच्याच फ्रीजरमध्ये राहिले. हवालदार रिकाम्या हातांनी जिना चढले, पण प्रत्येक पायरीवर टाच अशी वाजत होती, की तिसऱ्या मजल्यावर पद्मिनीने आधीच दार उघडून ठेवलं होतं.