बदकवाले डॉक्टर

आमचे डॉक्टर एरवी दिवसभर खोटं बोलत, पण एखाद्याचं मरण जवळ आलं की नेमकं खरं बोलत. "मी डॉक्टर नाई," एवढंच. हे वाक्य आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून गावातली माणसं नवस बोलायची.

डिग्री त्यांच्याकडे नव्हतीच. अकोल्याच्या कुठल्याशा दवाखान्यात फरशी पुसता पुसता ते सुई टोचायला शिकले आणि मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावी, शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांपलीकडे, दवाखाना मांडून बसले. ताप असो की कंबरदुखी, सगळ्यांना एकच लाल गोळी. "काई होत नाई तुले. घरी जाय, भाकर खाय," असं म्हणत पाठीवर थाप मारली की माणूस निम्मा बरा व्हायचा. उरलेला निम्मा आपोआप बरा होई, त्याचंही श्रेय डॉक्टर बिनदिक्कत घेत.

अंगणात सिमेंटचा हौद होता आणि त्यात बदकं. आमच्याकडे बदकं कोणी पाळत नाही. कुठून आणली विचारलं, तर "आली," म्हणत. पेशंटला आधी हौदाच्या कठड्यावर बसवायची त्यांची पद्धत होती. बदकं कलकलाट करत, आणि डॉक्टर दारात उभे राहून, पेशंटकडे न बघता, तिकडे कान देत. मग आत बोलावत.

सदाशिव शिंपी साध्या खोकल्यासाठी आपल्या पायांनी चालत आला होता. तो बसला आणि बदकं गप्प झाली. सगळी त्याच्याकडे माना वळवून थांबली. डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात घातला. "मी डॉक्टर नाई. आजच अकोल्याले जाय."

शिंपी हसला. "हे त साऱ्या गावाले ठाऊक हाये," म्हणून घरी गेला. पुढच्या बाजाराच्या आत तो वारला.

त्यानंतर माझ्या आईच्या छातीत कळ आली. भाजीचा मळा सोडून मी तिला तसंच डॉक्टरांकडे नेलं. ती कठड्यावर बसली आणि कलकलाट थांबला. ओरडावीत म्हणून मी बदकांच्या अंगावर माती फेकली. एकही हललं नाही.

"असं नका म्हणू, डॉक्टर," ते बोलायच्या आधीच आई म्हणाली. "एक सुई द्या. बरं वाटते मले."

"बाई, मी डॉक्टर नाई." जीपवाल्याला फोन त्यांनीच लावला. अकोल्याला वेळेत पोचलो, म्हणून आई वाचली. पुढे ती मेथीचे देठ घेऊन हौदावर जाऊ लागली. बदकं तिला पाहून पुन्हा ओरडायची, आणि तो कर्कश आवाज मला गोड लागायचा.

गेल्या वर्षी बोगस डॉक्टर शोधणारं पथक आलं. आम्ही खोटी साक्ष द्यायला तयार होऊन अंगणात जमलो. साहेबांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

डॉक्टर सवयीने हौदाकडे वळले. बदकं गप्प होती. माणसांना बुजली असतील, असं मला वाटलं. डॉक्टर फाटकापर्यंत गेले, तशी ती ओरडू लागली. ते परत येऊन कठड्यावर बसले. बदकांनी माना वळवल्या.

"मी डॉक्टर नाई," ते हलकेच म्हणाले. साहेबांना वाटलं, कबुली मिळाली. आईने तोंडाला पदर लावला.

डॉक्टर जामिनावर सुटून आले तेव्हा मी म्हटलं, "काका, अकोल्याले चला. गाडी आणतो."

"तिथं मले साऱ्यायनं फरशी पुसतानी पाह्यलं हाये," ते म्हणाले, आणि गेले नाहीत. थोड्याच दिवसांनी झोपेतच गेले. असा खोटारडा माणूस मला पुन्हा भेटला नाही, आणि त्याच्याइतकी आठवणही मला कोणाची येत नाही.

बदकं आता आमच्या मळ्यात, घरामागच्या हौदात आहेत. आईने हट्टाने आणली. रोज सकाळी ती पाला घेऊन हौदाकडे जाते आणि मी अंथरुणात पडून कान देतो. बदकं ओरडली की उठतो. तिच्यासोबत मात्र मी कधी जात नाही. दोघं गेलो आणि बदकं गप्प झाली, तर कोणासाठी ते कळायचं नाही.