माहेरच्या कापसाची गादी

सकाळी चहा गाळत होते, तेव्हा बेसाहून प्रकाशचा फोन आला. प्रकाश म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा, निर्मलाताईंचा मुलगा. म्हणाला, मामी, आई गेली, झोपेतच. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, की दम लागला होता का? तो म्हणाला, नाही, दमा तर कधीचाच आटोक्यात होता, डॉक्टर म्हणतात हृदय बंद पडलं. आणि मला हायसं वाटलं… सख्खी नणंद गेल्याचं कळल्यावर आधी हायसं वाटावं, याची लाज दीड महिना झाला तरी मनातून जात नाही.

ताईंनी काटोलला कितीतरी वर्षं बालवाडी चालवली. आवाज खणखणीत, हसणं त्याहून. संत्री सोलायला बसल्या की सगळ्यांच्या हातावर फोडी ठेवत सुटायच्या, स्वतःला उरली तर उरली. त्यांचे यजमान गेले तेव्हा प्रकाश पुण्याला होता, म्हणून ताई आमच्याकडे नागपूरला, नंदनवनात राहायला आल्या. मी त्यांना घरातली सगळ्यात मानाची गादी दिली. माझ्या बाबांनी लग्नात आमच्याच वावरातल्या कापसाची भरून दिलेली. दर दोन-तीन वर्षांनी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायची, पण कापूस तोच. ती मी पाहुण्यांनाही सहसा देत नसे.

महिनाभरात ताईंना सकाळी उठल्याउठल्या शिंका आणि दम सुरू झाला. बाहेर ओट्यावर बसल्या की बरं वाटायचं. डॉक्टरांकडे जाऊन आल्या आणि स्वयंपाकघरात येऊन अगदी हळू म्हणाल्या, "मंदा, गादीत बारीक किडे असतात म्हणे वं. डोळ्याले दिसत नाही. त्यायच्यानंच मले दम लागून राहिला."

किडे! माझ्या घरात, माझ्या बाबांच्या गादीत! रोज दोनदा फरशी पुसणारी बाई मी. तुझ्याच घरात असं नाही, सगळ्यांच्याच घरी असतात, असंही ताई म्हणत होत्या, पण ऐकतं कोण? माझं डोकं फिरलं होतं. गादी अंगणात ओढली, खाली पांढरी चादर अंथरली, ताईंना समोर खुर्चीवर बसवलं आणि काठीनं गादी बडवायला लागले. दाखवा म्हटलं, एक तरी किडा दाखवा. धुळीचे लोट उठले. ताई खोकत खोकत खुर्चीतच वाकल्या, दम्याचा पंप तोंडाला लावला. हे मला आत जा म्हणून ओरडले. आणि मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? नाटक. ही बाई नाटक करून राहिली, असं वाटलं मला…

पुढे प्रकाशची बदली नागपूरला झाली, त्यानं बेसाला फ्लॅट घेतला आणि ताई तिकडे गेल्या. मी मात्र हळदीकुंकवात, लग्नाच्या मांडवात, भेटेल तिला सांगत सुटले, की नणंदबाईंनी माझ्या घरात किडे काढले.

मग माझ्या नातीला तोच त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी तपासणी करून तेच सांगितलं. आपल्या अंगाचा झडलेला कोंडा खाऊन हे जीव गादी-उशीत राहतात, पावसाळ्यात आणि कूलरच्या ओलाव्यात वाढतात, त्यांच्या विष्ठेनं दमा उठतो. घर कितीही लख्ख असलं तरी असतात. त्याच आठवड्यात गादी काढून टाकली, नव्या गादी-उशांना चेनच्या बंद खोळी आणल्या, चादरी कढत पाण्यात धुवायला लागले. नातीसाठी सगळं बिनबोभाट पटलं. ताईंना मात्र फोन केला नाही. आज करू, सणाला करू, भेटल्यावरच बोलू, असं करत दीड वर्ष घालवलं.

तेरवीला ताईंच्या सुनेनं आम्हा बायांना त्यांच्या खोलीत बसवलं. पलंगावर तशीच चेनची खोळ होती. दर रविवारी ताई स्वतः चादरी गरम पाण्यात टाकायच्या म्हणे, सुनेला हात लावू द्यायच्या नाहीत. बोलता बोलता सून म्हणाली, "मामी, नंदनवन काहून सोडलं असं कोणी विचारलं ना, तर आई म्हणायच्या, मंदाचं घर आरशासारखं आहे, मलेच पोराजवळ राहायचं होतं."

माझ्या दोन चुलत जावा तिथंच बसल्या होत्या. किड्यांची गोष्ट मी सगळ्यात रंगवून सांगितली होती ती या दोघींनाच. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. मी पदरानं डोळे टिपले आणि म्हटलं, "हो, पोराची फार ओढ होती त्यांना."

त्या दोघी पेपरची ही पुरवणी न चुकता वाचतात, म्हणून इथं लिहिते. किडे होते. माझ्या गादीत होते. ताई खरं बोलत होत्या, आणि ते मला दीड वर्षापासून माहीत होतं.