लालसर बोरमाळ

आमच्या सासरी सोनं पारखायला सोनार लागत नसे, माझे चुलत सासरे, म्हणजे काकाजी, पुरत. आर्णीत त्यांचं शिलाई मशीनचं दुकान आहे. सोन्याशी त्यांचा संबंध बोटातल्या एका अंगठीपुरता. तरी कुणाचंही लग्न असो, हे गृहस्थ जेवणाआधी दागिन्यांच्या ताटाशी हजर. दागिना तळहातावर घ्यायचा, दोनदा झेलायचा, डोळे मिटायचे आणि तोळे सांगायचे. मग उजेडात धरून कॅरेट. अंगात आलेल्या माणसाचं ऐकावं तसं सगळं घर गप्प बसून ऐकायचं. मला त्या माणसाची शिसारी यायची, आणि ऐकणाऱ्यांची त्याहून जास्त.

माझ्या लग्नात आईनं दिलेली बोरमाळ त्यांच्या हातात पडली. "लाल मारून राह्यली. तांबं लय हाय. चौदाच्या वर नाई," भर मांडवात निकाल. आई शेजारीच उभी होती. स्वतःच्या दोन पाटल्या आटवून तिनं ती माळ कळंबच्या सोनाराकडून घडवली होती. त्यानं भेसळ करू नये म्हणून आमच्याकडच्या बायका करतात तेच तिनं केलं होतं. भाकरी बांधून नेली आणि दोन दिवस त्याच्यासमोर ठाण मांडून बसली.

"बावीसचं हाय जी. माह्या डोयासमोर आटवलं," ती एवढंच म्हणाली. कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून आईनं आर्णीत पाय ठेवला नाही.

यंदा धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि आईनं फोनवर येत नाही म्हणून सांगितलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. कपाटातून माळ काढली आणि यवतमाळला तपासायला निघाले. काकाजी न बोलावता सोबत आले. जाणकार ना! गाडीतच माळ झेलून त्यांनी वजन सांगून टाकलं, तीन तोळे.

तपासणीच्या मशीनवर विशीतली एक मुलगी होती. तिनं माळ आत ठेवली, मिनिटभरात आकडा आला: शेकडा एक्क्याण्णव पूर्णांक सात. म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनं, पुरतं बावीस कॅरेट.

"पण लाल कायले दिसते मंग?" काकाजी.

"उरलेल्या दोन भागांत तांबं घातलं की लालसर दिसतं, चांदी जास्त घातली की पिवळं. कस तोच राहतो, काका."

मग तिनं वजनाचंही सांगितलं. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. लाखेचं वजन वजा करायचं, उरेल त्याला कसानं आणि आजच्या भावानं गुणायचं. घडणावळ विसरायची, ती परत मिळत नाही. काकाजींनी जन्मभर लाखेसकट तोळे सांगितले होते आणि लोकांनी त्यावर माना डोलावल्या होत्या.

मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "काकाजी, आलोच आहोत तर तुमची अंगठीही ठेवा ना."

पिवळीधमक अंगठी आत गेली. चौऱ्याहत्तर. अठरा कॅरेटसुद्धा नाही.

"मशीनच खराब हाय," काकाजी म्हणाले आणि परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसले. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा कागद घेऊन कळंबला गेले. आई अंगणात तूर पाखडत होती. कागद तिच्यापुढे धरला, आकडा वाचून दाखवला, अंगठीची गंमत सांगितली. आता तरी लग्नाला ये म्हटलं.

तिनं सूप थांबवलं नाही.

"मले तं माहीतच होतं," ती म्हणाली. "तुले माहीत नव्हतं काय? अकरा वर्सात तिकडच्या एकाबी फोटोत तुह्या गळ्यात माळ नाई दिसली मले."