लाल पिल्लांची मरळ

भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, मला राग येतो. तो कमी व्हावा असंही मला वाटत नाही. माणूस पुण्याला राहतो, दरवर्षी मे महिन्यात ताईला आणि पोरांना घेऊन आर्णीला आमच्याकडे येतो आणि आल्या आल्या मला "साले साहेब" म्हणायला लागतो. पण पडला जावई. ताईला माहेर मिळतं ते त्याच्या मर्जीवर. एका वर्षी कूलरचा वारा त्याच्याकडे येत नव्हता म्हणून रुसून गेला, तर पुढचे दोन उन्हाळे ताईचं येणंच झालं नाही. तेव्हापासून आई त्याच्यापुढे तोंड उघडत नाही आणि मलाही उघडू देत नाही.

यंदा त्यानं ऑनलाइन मागवलेली मासे धरायची काठी आणली होती. सोबत डबाभर खोटे किडे, गळाला पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेले. तो किडा पाण्यावर अलगद पडला पाहिजे आणि माशानं फसलं पाहिजे, असं त्याचं शास्त्र. "गांडूळ लावून कुणीही पकडतं, साले साहेब," असं म्हणून तो माझ्या गाडीवर मागे बसायचा, काठी झेंड्यासारखी धरून. मी माझं गॅरेज बंद ठेवून त्याला नदीवर न्यायचो.

मे महिन्यात नदी कसली, नुसते डोह उरतात. रोहू वर यायची, पिसाकडे बघायची आणि परत जायची. शिंगाळा आणि वाम तळाच्या गाळात, त्यांना पिसाशी काय घेणंदेणं? लागल्या त्या चिलापी, ज्या काहीही गिळतात. भाऊजींचा पारा उन्हासोबत चढत होता. मला मनातून बरं वाटत होतं.

मग एका डोहात त्याला तो लाल गोळा दिसला. मरळीची पिल्लं अशीच असतात, शेकड्यांनी एकत्र, लालभडक, श्वासाला वर आली की पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्यांच्याखाली नर-मादी राखण करत असतात. पिल्लांवर काहीही पडलं की मरळ त्यावर तुटून पडते. भुकेनं नाही, रागानं. म्हणून तिला धरणं अगदी सोपं असतं, आणि म्हणूनच आमच्याकडे लाल पिल्लांवर कुणी गळ टाकत नाही.

"भाऊजी, हिले सोडा. हे गेली तर पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतीन."

"मासे दुसरं काय खातात, साले साहेब? पुरणपोळी?"

त्यानं पीस बरोबर गोळ्यावर टाकलं. पाणी फाटलं, काठी वाकली. हातभर मरळ होती. "व्हिडिओ काढ, व्हिडिओ!" तो ओरडत होता. मी खिशातून मोबाईल नाही, चाकू काढला आणि दोरी कापली. काठी सरळ झाली आणि जावईबुवा चिखलात बसले.

खरं सांगतो, इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

तो माझ्या गाडीवर बसला नाही. भर उन्हात पायी निघाला आणि मी पहिल्या गिअरमध्ये मागे मागे. घरी येताच त्यानं ताईला बॅगा भरायला सांगितलं. आई कपाळाला हात लावून बसली. मला वाटलं, ताई तरी माझ्या बाजूनं असेल. मी मागच्या दारी गेलो. ती दोरीवरचे पोरांचे ओले कपडे ओढून काढत होती.

"बरं वाटलं तुले?" ती म्हणाली.

"ताई, पिल्लं होती तिची..."

"तुले मासोळीच्या पिल्लायची कीव आली. माह्या लेकरायची नाही आली? वर्षातून आठ दिवस ते इथं मोकळी हासतात. तू तेबी कापून टाकले."

मी आत गेलो आणि भाऊजींपुढे हात जोडले. त्यानं मला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाला, "ठीक आहे. उद्या सकाळी त्याच डोहावर न्यायचं. आणि व्हिडिओ तूच काढायचा."

सकाळी मी गाडी काढली. पिल्लं तिथंच होती. मला वाटलं होतं, कालच्या मारानं मरळ आता शहाणी झाली असेल. पण पिल्लांवर पीस पडलं आणि ती पुन्हा तशीच तुटून पडली. वर काढली तेव्हा तिच्या जबड्यात कालचं पीसही होतं. मी व्हिडिओ काढला. थोड्या वेळानं त्यानं नरही काढला. मग चिलापी आल्या आणि लाल गोळा बघता बघता विरळ होत गेला.

दुपारी भाऊजींनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि पोरांना व्हिडिओ दाखवला. पोरं खिदळत होती. ताई माझ्या ताटात वाढायला वाकली.

"पुढच्या वर्षीबी येऊ म्हणतात," ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली आणि जेवलो.