दुसरीतल्या मुक्ताचा सातवीचा पेपर

आमच्या मुक्ताला सातवीच्या परीक्षेला बसवायचं ठरलं, तेव्हा ती दुसरीत होती.

हे ठरवणारा शहाणा माणूस म्हणजे तिचा बाप, अर्थात मी. गंगाखेडला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी मी दुरुस्त करतो. (डोकी दुरुस्त करता आली असती, तर सुरुवात स्वतःपासूनच केली असती!) एका रविवारी मुक्ता दुकानात बसून तारेच्या तुकड्यांच्या बाहुल्या करत होती. मी एका मोटारीचा हिशेब पुटपुटत होतो, "छत्तीस गुणिले चोपन्न..." म्हणून मोबाइल काढला, तर अंगठ्याला वार्निश लागलेलं, मोबाइल काही उघडेना. मी अंगठा पुसेपर्यंत खालून आवाज आला.

"एकोणीसशे चव्वेचाळीस."

"कुणी सांगितलं गं तुला?"

"कुणी न्हाई. आधी पन्नासनं केलं, मग चारनं केलं, मग दोन्ही मिळवलं."

मी शटर ओढलं, पोरीला गाडीवर बसवलं आणि तडक घरी आलो. (मोटारीचं गिऱ्हाईक आतच राहिलं होतं! ते शेजाऱ्यानं नंतर बाहेर काढलं.)

बायकोला, म्हणजे सविताला, मी धापा टाकत ही बातमी सांगितली. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "ती रोजच करती तसं. तुमाला आज दिसलं."

"मग मला सांगितलं कामून न्हाईस?"

"काय सांगायचं? लेकरू मजेत हाय, राहू द्या की."

मी कसला राहू देतोय! दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन तिच्या वर्गशिक्षिका गायकवाड मॅडम यांना गाठलं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पोरगी वर्गाच्या पुढं आहे, हे खरंय. तिला कंटाळा येतो, तेही दिसतंय. एक-दोन इयत्ता वरचा पेपर देऊन बघायला हरकत नाही. पण तिला स्वतःला हौस वाटेल तेव्हा. आणि तेही, तिला पुढं काय शिकवायचं ते आपल्याला कळावं म्हणून. गल्लीला दाखवायला नव्हे."

मी जोरजोरात मान हलवली. एवढ्या बोलण्यातलं "वरचा पेपर" तेवढं माझ्या डोक्यात शिरलं.

परभणीला एका खासगी क्लासची परीक्षा होती. कोणत्याही मुलानं कोणत्याही इयत्तेचा पेपर द्यावा, अशी सोय. मी आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये दाढी करता करता सहज बोलून गेलो, की मुक्ता चौथीचा पेपर देणार. सलूनवाल्या दत्ताचा वस्तरा माझ्या गळ्यावर थांबला. "चौथीचा? दुसरीतली पोर?" मी घरी पोचेपर्यंत गल्लीत ती पाचवीच्या पेपरला बसली होती. संध्याकाळी झरीहून माझा मेव्हणा बालाजी आला. तो म्हणाला, "दाजी, पाचवी काय घेऊन बसलाव! भाची कुणाची हाय? सातवी करा सातवी!"

मी सातवी केली.

"अहो, पण तिला विचारलं का कुणी?" सविता म्हणाली.

विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मग घरी माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण चहा घेई आणि मुक्ताला एकेक गुणाकार घाली. (उत्तर बरोबर आहे की चूक, हे घालणाऱ्यालाही माहीत नसे. पण मान सगळे डोलवत!) राणीसावरगावहून माझी चुलती मुद्दाम एसटीनं आली. मुक्ताला जवळ घेऊन म्हणाली, "बाई, तुला समदं कळतंय म्हणं. आमची म्हैस कवा व्यायची, तेवढं सांग."

"म्हशीला विचारा की," मुक्ता म्हणाली.

"बघा! काय डोकं हाय लेकराचं!" चुलती धन्य झाली.

त्यानंतर मात्र दारात अनोळखी चपला दिसल्या, की मुक्ता पलंगाखाली जायला लागली. एकदा तिथूनच तिनं विचारलं, "पप्पा, मला गणित येत न्हाई असं सांगू का सगळ्यांना?"

मी चरकलो. चांगलाच चरकलो. पण बालाजीनं तोवर जीप ठरवली होती!

परीक्षेच्या दिवशी त्या जीपमध्ये मुक्ता, आम्ही दोघं, बालाजी, सलून बंद करून आलेला दत्ता आणि ज्यांना परभणीत दुसरंच काम होतं असे चार जण, एवढे मावलो. एका शाळेत केंद्र होतं. सातवीच्या खोलीत मुक्ता बाकावर बसली, तर बाकावरून नुसता तिचा भांग दिसत होता. शेजारच्या पोराला मिसरूड फुटलेलं. तो तिला म्हणाला, "ताईला शोधायलीस का गं?"

आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. मी तिथल्या पालकांना मुलं हुशार कशी घडवावीत, यावर दोन शब्द सांगायला लागलो. शब्द वाढत चालले होते, तेवढ्यात एक तरुण मॅडम घाईघाईनं आल्या.

"मुक्ताचे पालक कोण?"

"मी!" मी छाती काढून उठलो. "झाला का पेपर? सगळ्यांच्या आधी?"

"अहो, ती पाणी प्यायला म्हणून गेली. अजून आली नाही."

माझी छाती जिथून बाहेर आली होती, तिथंच परत गेली. शाळेचं फाटक सताड उघडं. बाहेर रस्ता, रस्त्यावर ट्रक, रिक्षा, एसटी. बालाजी फाटकाकडं पळाला. दत्ता "मुक्ते! मुक्ते!" ओरडत शाळेमागं गेला. मी पाण्याच्या टाकीवर चढलो, झाकण उघडलं आणि आत बघायचं धाडसच होईना. डोळे मिटून "मुक्ता" अशी हाक मारली. टाकीनं माझीच हाक मला परत दिली. खरं सांगतो, त्या क्षणी कुणी मला सातवीचा पेपर चारला असता, तर मी खाल्ला असता. मला फक्त माझी पोर हवी होती.

सविता मात्र पळाली नाही. ती व्हरांड्यातून एकेका खिडकीत डोकावत गेली.

"अहो, खाली उतरा. इकडं या. आवाज करू नका."

मी खिडकीशी गेलो. आत मुक्ता बसली होती! जीभ बाहेर काढून, पाय हलवत, भराभरा लिहीत होती. खोलीच्या दारावर पाटी होती, इयत्ता चौथी.

मी दाराकडं धावणार, तोच सवितानं माझी बाही धरली. "आत जायचं न्हाई. लिहायलीय ती."

मी तिथंच पायरीवर मटकन बसलो. हसू आणि रडू एकदमच आलं. दत्तानं माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नाही, पण बरं वाटलं!

घंटा झाली तशी मुक्ता उड्या मारत बाहेर आली.

"कुठं गेली होतीस गं?"

"पाणी पिऊन आले की. खोल्या सगळ्या सारख्याच हायत. एका बाकावर कुणीच नव्हतं, पेपर होता, मग बसले."

"आणि तो पहिला पेपर?"

"तो बिघडलेला होता, पप्पा. आकड्यांच्या जागी एबीसीडी छापली होती. ह्यो नीट होता. लय मजा आली! पुन्हा कवा हाय?"

ते बाक गालफुगीनं घरी पडलेल्या एका पोराचं होतं, पेपरवर नंबरही त्याचाच होता. निकालात ते पोरगं चौथीत पहिलं आलं! त्याच्या वडिलांनी क्लासच्या सरांना फोन केला, "सर, झोपून पहिला आलाय. उठून आला असता तर कुठं गेला असता?" सरांनी चौकशी केली, पोटभर हसले आणि मुक्ताचे दोन्ही पेपर गायकवाड मॅडमकडं पाठवून दिले.

मॅडम म्हणाल्या, "चौथीचं छान जमतंय. गणिताच्या तासाला ती चौथीत बसेल, बाकी आपल्या मैत्रिणींसोबत दुसरीत." मुक्तानं टाळ्या वाजवल्या. सातवीत ती आपटली, ही खबर गल्लीत पसरली आणि पाहुण्यांची रीघ आपोआप आटली. मुक्ता पलंगाखालून बाहेर आली. आमच्या घरात पुन्हा नुसता चहा व्हायला लागला, गुणाकार नाहीत. मला इतकं हलकं वाटलं, की काय सांगू!

फक्त एक चूक केली. तो सातवीचा पेपर एवढा कसा बिघडलाय, ते बघावं म्हणून एका दुपारी मी स्वतः सोडवायला बसलो. गायकवाड मॅडमनी पेपरासोबत उत्तरंही दिलेली होती, मुक्तानं लाल पेन घेऊन तपासला. पाणी प्यायला जाण्याआधी तिनं अंदाजानं खुणा केल्या होत्या, त्यातल्या सहा बरोबर होत्या. माझ्या चार.

सविता पदरात तोंड लपवून हसत होती. मुक्तानं मात्र पेन खाली ठेवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "राहू द्या, पप्पा. तुमाला लय वरचा पेपर दिला कुणीतरी."